लहान होडीसाठी सी अँकर: एका हंगामाच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत, रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतून बाहेर पडून १८ फुटी फायबर होडीतून गरवताना (गरी टाकून मासे धरताना) मी हा सी अँकर, म्हणजे होडीचे वाहणे मंद करण्यासाठी दोरीने पाण्यात सोडायची कापडी छत्री, वापरला. आमची नेहमीची जागा म्हणजे १२ वाव (सुमारे २२ मीटर) पाण्यातले एक खडप, म्हणजे तळाचा खडकाळ भाग; तांबोशी आणि गोबरा तिथे हमखास असतो, पण त्या खडपाची रुंदी जेमतेम ६० मीटर आहे. दुपारचा खारा वारा सुटला की होडी दीड नॉटने किनाऱ्याकडे ढकलली जाते, म्हणजे मिनिटाला सुमारे ४६ मीटर. शिसे तळाला टेकून दोरी हाताला लागेपर्यंत निम्मे खडप मागे गेलेले असते. नांगर टाकावा तर तो कातळात अडकतो (दोन नांगर मी तिथेच गमावले आहेत), आणि शिवाय होडी एकाच जागी बांधली जाते, तर मासा मात्र खडपाच्या कडेकडेने विखुरलेला असतो. वाहत जायचे, पण सावकाश, एवढीच माझी गरज होती.

वस्तू साधी आहे. जाड नायलॉन कापडाची १ मीटर व्यासाची छत्री, काठाला शिवलेले पट्टे, ते जिथे एकत्र येतात तिथे भोवरकडी (दोरीला पीळ पडू नये म्हणून गोल फिरणारी कडी), आणि शेंड्याला पाणी निसटण्यासाठी एक भोक, ज्याच्यामुळे छत्री पाण्यात हेलकावे खात नाही. सोबत १५ मीटर दोरी आणि एक पिशवी मिळाली. किंमत सुमारे अडीच हजार रुपये पडली. पाण्यात सोडल्यावर ती अर्ध्या मिनिटात भरते, आणि दोरी ताणली गेली की होडीची नाळ (पुढचे टोक) आपोआप वाऱ्याकडे वळते.

परिणाम मी मोबाइलमधील जीपीएसवर अनेकदा मोजला. ज्या वाऱ्यात होडी दीड नॉटने वाहत असे, त्याच प्रकारच्या वाऱ्यात सी अँकर लावल्यावर वेग अर्ध्या नॉटच्या आसपास राहिला. मिनिटाला १५ मीटर, म्हणजे त्याच खडपावरून एकदा वाहत जाताना चार मिनिटे मिळतात. गरीची दोरी जवळजवळ सरळ खाली उतरते, हलके शिसे पुरते, आणि मासा गरीला तोंड लावतो तेव्हा ते बोटाला स्पष्ट कळते. आडव्या लाटेवर होडी जी लोळायची, तीही थांबली, हा फायदा मी अपेक्षिलाच नव्हता.

तरीही विकत घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. सी अँकर तळाला धरत नाही. तो भोवतालच्या पाण्याला धरतो. म्हणून तो वाऱ्याचा जोर कमी करतो, पाण्याच्या ओढीचा नव्हे. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, जेव्हा पाण्याला फारसा ओढा नसतो आणि होडी केवळ वाऱ्याने वाहते, तेव्हा त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाण्याला ओढ असते; तेव्हा वारा पडलेला असेल, तर तो लावला काय आणि न लावला काय, सारखेच. आणि वारा एका दिशेने व पाणी विरुद्ध दिशेने असेल, तर होडी जवळपास जागच्या जागी राहत असते. अशा वेळी सी अँकर सोडला, तर तो होडीला पाण्याबरोबर ओढून नेतो आणि हातची जागा सुटते. ही चूक मी पहिल्या महिन्यात दोनदा केली.

आता दोषांविषयी. सोबतच्या कागदावर होडीच्या मागच्या बाजूला बांधले तरी चालेल असे लिहिले होते, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या होडीची मागची बाजू सर्वांत सखल असते. ती लाटेसमोर धरून ठेवणे म्हणजे पाणी आत बोलावणे होय. नाळेलाच बांधावे. भोवरकडी तिसऱ्या-चौथ्या फेरीतच गंजून फिरेनाशी झाली आणि दोरीला पीळ पडू लागले. मी स्टेनलेस स्टीलची बसवली. मिळालेली दोरी पॉलिप्रॉपिलीनची होती. ती तरंगते, त्यामुळे इंजिन चालू करताना पंख्यात जाण्याची भीती असते. तिच्या जागी २० मीटर नायलॉन दोरी घेतली, जी बुडते आणि ताण पडल्यावर थोडी लांबून लाटेचा हिसका सोसते.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे ओढून घेण्याची दुसरी दोरी दिलेलीच नव्हती. पाण्याने भरलेली छत्री सरळ ओढणे एका माणसाचे काम नाही. शेंड्याला पातळ दोरी आणि नारिंगी बोया बांधला, तर ती दोरी ओढताच छत्री उलटी होऊन पाणी सोडते आणि रिकाम्या पोत्यासारखी हाताशी येते. बोयामुळे इतर होड्यांनाही कळते की पुढे पाण्यात काही आहे. मात्र याच दोरीत मी एक चांगली सुरमई गमावली. तळाचा मासा खाली ओढतो, तर सुरमई पृष्ठभागाजवळून धावते आणि दोरीला वळसा घालते. सुरमईचा हंगाम असेल, तर जोडीदाराने मासा लागताक्षणी पातळ दोरी ओढायला घ्यावी. जवळपास कोणाची जाळी सोडलेली असतील, तर सी अँकर मुळीच टाकू नये.

मार्चमध्ये एकदा इंधनाच्या गाळणीत कचरा अडकून इंजिन बंद पडले, आणि वारा आम्हाला खडकांकडे नेत होता. गाळणी साफ होईपर्यंतची चाळीस मिनिटे नाळ लाटांकडे राहिली आणि होडी फार सरकली नाही. केवळ त्या दिवसासाठीही मी हे पैसे पुन्हा खर्च करीन.

माझ्याइतक्या होडीसाठी १ मीटरचा आकार पुरतो. २० फुटांपुढे १.२ मीटरचा घ्यावा, कारण व्यासातील एवढ्याशा फरकाने कापडाचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. कडी आणि दोऱ्यांसाठी आणखी आठशे-नऊशे रुपये बाजूला ठेवावेत, आणि प्रत्येक फेरीनंतर कापड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. माझ्या छत्रीची शिवण आठ महिन्यांनंतरही शाबूत आहे.