एकच फोटो, पाच तऱ्हांचं लिखाण: कौटुंबिक चिकटवहीत लिहायचं कसं?

आमच्याकडे मे १९८२चा एक फोटो आहे. वाईजवळचं आजोळ. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरलंय, त्यावर ओल्या कुरडया. आजीच्या हातात सोऱ्या, शेजारी आई, तिच्या पदराला धरून चार वर्षांची मी, आणि मागे ओसरीच्या खांबाला टेकून मामा. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय, ‘मे ८२’.

आईच्या पंच्याहत्तरीला चिकटवही करायला घेतली आणि याच फोटोपाशी अडकले. फोटो लावणं सोपं होतं. खाली काय लिहायचं आणि कसं लिहायचं, तेच कळेना. शेवटी फोटो स्कॅन करून त्याच्या पाच प्रती काढल्या आणि पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं. तुम्हीही घरची चिकटवही करायला बसला असाल, तर या पाचांतली कोणती वाट धरावी ते ठरवायला माझा अनुभव उपयोगी पडेल.

पहिली तऱ्हा सगळ्यांना सुचते तीच: थेट पानावर, स्वतःच्या हातानं. फोटो आणि अक्षर एकाच कागदावर असलं की पान घरचं वाटतं. पण हात थरथरला, शब्द चुकला, तर अख्खं पान जातं. माझी दोन पानं अशीच गेली. कागद जाड हवा, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, आणि आम्लमुक्त. साधा चित्रकलेच्या वहीचा कागद काही वर्षांत पिवळा पडतो. काळ्या पानांचा जुन्या धाटणीचा अल्बम असेल तर पांढरं जेल पेन खुलून दिसतं, फक्त ते सावकाश वाळतं, त्यामुळे पान मिटायची घाई करू नका. पेन घेताना शाई रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची आहे ना ते विचारा. खात्री करायची असेल तर एका चिठोऱ्यावर दोन ओळी लिहा, दिवसभर वाळू द्या आणि ओलं बोट फिरवून पाहा. मग तीच चिठ्ठी अर्धी झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. उघडी बाजू फिकटली तर ते पेन किराणा मालाच्या यादीला ठेवा.

दुसरी तऱ्हा: संगणकावर टाइप करून छापणं. मजकूर मोठा असेल, भावंडांना एकेक प्रत द्यायची असेल, किंवा नातवंडांना हाताचं लपेटदार अक्षर वाचता येत नसेल, तर हीच सोयीची. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पुष्कळदा पाण्याच्या एका थेंबानं पसरते, म्हणून दुकानातून लेझर प्रिंट काढून घ्या. छापायला देण्याआधी जोडाक्षरं तपासा. दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडली की कधी कधी ती फुटतात.

तरी मला ही तऱ्हा मनापासून पटली नाही. आजोबांची पोस्टकार्डं माझ्याजवळ आहेत. वर ‘श्री’, खाली ‘पत्र पोंचलें’, ‘सर्वांस अनेक आशीर्वाद’. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, आजोबांच्या हातातून मात्र शेवटपर्यंत गेले नाहीत. ते पत्र मी टाइप केलं आणि नकळत ‘पोचले’ असं लिहून बसले. मजकूर तोच राहिला, पण त्यातले आजोबा निघून गेले. वडीलधाऱ्यांचं लिखाण टाइप करायचंच असेल तर अक्षरशः जसंच्या तसं करा आणि शेजारी मूळ पत्राची छायाप्रत लावा.

तिसरी तऱ्हा: वेगळ्या चिठ्ठीवर किंवा कार्डावर लिहून ते पानावर लावणं. खेळायच्या पत्त्याएवढं कार्ड पुरतं. चुकलं तर दुसरं घ्यायचं, पानाला धक्का लागत नाही. याहून मोठा फायदा असा की कार्ड प्रवास करू शकतं. नागपूरच्या मावशीला, न्यू जर्सीच्या भावाला कोरी कार्डं पाठवा, ‘या फोटोबद्दल आठवतं ते लिही’ एवढंच सांगा. वही तुमच्याकडे राहते आणि अक्षर ज्याचं त्याचं येतं. सत्तरीपुढच्या माणसांना अख्खं मोठं पान पाहून दडपण येतं. कार्डावर चार ओळी ती सहज लिहितात. कार्ड चिकटवायला पांढरा गोंद नको, पानाला सुरकुत्या पडतात. सेलोटेप तर नकोच, ती पिवळी पडते आणि निघताना कागद सोलून काढते. फोटोचे कोपरे मिळतात ना, तेच कार्डालाही लावा.

चौथी तऱ्हा माझी सर्वांत आवडती: बोलतं करून, बोलणं जसंच्या तसं उतरवणं. आईसमोर फोटो ठेवला, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं. ‘त्या दिवसाबद्दल सांग’ म्हटलं की माणूस गप्प होतो. फोटोतल्या वस्तूवर बोट ठेवून विचारलं की बोलतो. आमच्या पानावर आलेला मजकूर असा:

‘हा चीक किती दिवसांचा गं?’

‘गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून चीक काढायचा. आई पहाटे चारला चूल पेटवायची. तू वाटी घेऊन शेजारी. गरम चीक, वर दूध-साखर.’

‘आणि मामा तिथं काय करतोय?’

‘दादा? कावळे हाकलायला होता.’ मग जरा थांबून, ‘गिरण्यांचा संप होता ना. जानेवारीत सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता दादा गावी आला. एरवी गणपतीत चार दिवस यायचा. तेव्हा मेमध्ये घरी. मोठा कमावता माणूस, काठी घेऊन अंगणात. आईनं मुद्दाम दिलं होतं ते काम. हाताला काहीतरी हवं म्हणून.’

दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते, आणि साताऱ्याकडची, कोकणातली कितीतरी घरं त्यांच्या पगारावर चालत होती. हे मी वाचलेलं होतं. आमच्या कुरडयांच्या फोटोत तो संप खांबाला टेकून उभा आहे, हे मात्र आईनं सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः लिहिलं असतं तर ‘आजोळच्या रम्य आठवणी’ असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते.

या तऱ्हेला वेळ लागतो. दहा मिनिटांचं बोलणं कागदावर उतरवायला तासभर जातो, आणि त्यातलं पानावर येतं ते आठ-दहा ओळी. भाषा सुधारू नका. आई ‘दादा’ म्हणाली तर ‘माझे थोरले बंधू’ करू नका. छापण्याआधी तिला एकदा वाचून दाखवा. एखादं वाक्य काढ म्हणाली तर काढा.

पाचवी तऱ्हा म्हणजे खिसा. पानाच्या तीन कडा चिकटवून लिफाफ्यासारखा कप्पा करायचा आणि त्यात लिखाण ठेवायचं. बारशाला आलेल्या चार पाहुण्यांनी वही चाळताना वाचावं असं सगळंच नसतं. मामानं त्या वर्षी मुंबईहून आजीला पाठवलेली दोन अंतर्देशीय पत्रं आहेत. पैसे पाठवता येत नाहीत म्हणून त्यात त्यानं माफी मागितली आहे. ती उघड्या पानावर लावायला आईचं मन धजेना. खिशात छायाप्रती ठेवल्या, मूळ पत्रं कपाटात कोरड्या जागी. घडीवर पुन्हा घडी घालू नका, जुना कागद तिथंच फाटतो. आणि दमट हवेच्या गावी, कोकणात विशेषतः, पावसाळा संपला की खिसे रिकामे करून एकदा पाहाच. कसर अशाच बंद जागी लागते.

फोटोच्या मागे लिहिण्याचं मी वेगळं धरलं नाही, कारण ते कोणत्याही तऱ्हेबरोबर करायचंच आहे. नावं, गाव, साल, बस्स. जुन्या फोटोवर मऊ पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि नव्या गुळगुळीत फोटोकागदावर शाई नीट बसत नाही, शेजारच्या फोटोला लागते.

तर निवड कशी करायची? घरात पंचाहत्तरीपुढचं कुणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि चौथी तऱ्हा आधी करा. चिकटवणं, सजवणं पुढच्या वर्षीही होईल. नातेवाईक पाच गावी पांगलेले असतील तर कार्डं. लहान मुलाची वही असेल आणि लिहिणारे तुम्ही एकटेच असाल तर थेट पानावर लिहा, रोजच्या सवयीला तेच बरं. प्रती वाटायच्या असतील तर टाइप. खिसा प्रत्येक पानाला नको. अख्ख्या वहीत तीन-चार पुरतात, नाहीतर वही फुगून मिटत नाही.

आमच्या कुरडयांच्या पानावर शेवटी तीन तऱ्हा आल्या. डावीकडे आईचं बोलणं, उजवीकडे फोटो, खाली मामाच्या पत्रांचा खिसा. फोटोखाली एक जागा मी मोकळी सोडली होती. आईला कार्ड आणि पेन दिलं. तिला वाटलं पुष्कळ लिहायचंय, म्हणून तिनं चष्मा पुसला, टेबलाशी नीट बसली. मग एकच ओळ लिहून कार्ड माझ्याकडे सरकवलं: ‘दादाने राखलेल्या कुरडया, मे १९८२.’