कुलंटमध्ये तेल आले तेव्हा: एका गॅरेजच्या निदानाबद्दल

माझ्या लिक्विड-कूल्ड मोटरसायकलच्या कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत पिवळसर तपकिरी, चिकट थर दिसू लागला, तेव्हा पहिल्या गॅरेजने टाकीत नुसते डोकावून हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला सील) गेल्याचे सांगितले आणि इंजिन उघडण्याची तयारी सुरू केली. मी गाडी तिथून काढून दुसरीकडे नेली. हे परीक्षण त्या दुसऱ्या गॅरेजच्या कामाचे आहे.

तिथल्या मेकॅनिकने आधी हा थर खरोखर तेलाचाच आहे का, हे पाहिले. गंज किंवा एकमेकांशी न जुळणारी दोन कुलंट मिसळल्यानेही असाच गाळ होतो. त्यांनी कागदाची पांढरी पट्टी टाकीत बुडवून वाळत ठेवली. पाणी उडून गेल्यावर पट्टीवर जो डाग उरला, त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता, म्हणजे तो तेलाचाच होता. मग इंजिनातले तेल थोडे काढून पाहिले, ते स्वच्छ निघाले. चालू इंजिनात तेलाचा दाब अनेक बारपर्यंत जातो, तर कुलंटचा दाब रेडिएटरची टोपी साधारण 1.1 बारवर रोखून धरते. त्यामुळे बारीक फट असली तरी तेल कुलंटमध्ये घुसते. इंजिन बंद केल्यावर मात्र तेलाचा दाब लगेच उतरतो आणि गरम कुलंटचा दाब काही काळ टिकून राहतो, म्हणून उलटी गळतीही शक्य असते. दोन्ही बाजू तपासायच्या त्या यासाठीच, हे त्यांनी मला न विचारताच समजावून सांगितले.

वॉटर पंपाखालचे निचऱ्याचे छिद्र (पंपाचे सील गळाले तर द्रव इथून बाहेर येतो) मोकळे आणि कोरडे होते, शिवाय माझ्या इंजिनात पंपाच्या बाजूचे तेल दाबाखाली नसते, तेव्हा पंपावरचा संशय तिथेच मिटला. त्यानंतर पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरली, तर रेडिएटरच्या तोंडाशी एकही बुडबुडा आला नाही. इथे मला त्यांचा प्रामाणिकपणा विशेष वाटला. या चाचणीतून गॅस्केट ज्वलनकक्षापाशी शाबूत आहे एवढेच कळते, तेलाची वाट आणि कुलंटची वाट यांच्यामधल्या भागाबद्दल ती काहीच सांगत नाही, असे ते स्वतःहून म्हणाले आणि म्हणूनच इंजिनाला हात लावण्याआधी, ऑइल फिल्टरच्या मागे बसवलेला, कुलंटने थंड होणारा ऑइल कूलर त्यांनी उतरवला.

त्याची तेलाची एक वाट बंद करून दुसरीतून हवा भरली आणि तो पाण्यात बुडवला. थंड पाण्यात काहीही दिसले नाही. घाईच्या माणसाने कूलर निर्दोष ठरवून परत बसवला असता. यांनी पाणी चांगले गरम करून पुन्हा बुडवला आणि दोन-तीन मिनिटांत कुलंटच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची अखंड माळ वर येऊ लागली. धातू तापून फट उघडत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. नवा कूलर आणि नव्या रबरी रिंगा बसवून काम झाले. हेड उघडावे लागले नाही.

सफाईही नीट केली. फेस न होणारा क्लीनर घालून, थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन तापवून, पाणी नितळ येईपर्यंत प्रणाली पुन्हा पुन्हा धुतली आणि शेवटी निम्मे कुलंट, निम्मे शुद्ध पाणी भरले.

तक्रार एकच आहे, पण ती किरकोळ नाही. कुलंटच्या नळ्यांचे रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते, तरीही नळ्या त्यांनी तपासल्या नव्हत्या. खालची नळी दाबून पाहिली तेव्हा ती मला लिबलिबीत लागली. मी दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता सगळ्या नळ्या बदलल्या, परंतु हे त्यांच्या लक्षात आधी यायला हवे होते. पुन्हा असा बिघाड झाला तर गाडी मी इथेच देईन, मात्र नळ्यांचे काम पहिल्याच दिवशी लिहून देईन.