बीपी मशीनचे अकरा महिने: कफ फुटला, वाद झाला, पण मशीन सोडवत नाही

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला पडल्या पडल्या कफ, म्हणजे मशीनचा हवा भरायचा पट्टा, दंडाला बांधला, बटण दाबलं आणि पंप नुसता घुरघुरत राहिला. एरवी दंड आवळून झाला की क्षणभर थांबतो आणि हळूहळू हवा सोडतो. त्या दिवशी थांबेचना. शेवटी स्क्रीनवर एरर. पुन्हा दाबलं, पुन्हा एरर. या खटाटोपात मी उठून बसले आणि दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं रीडिंग हुकलं. उभं राहिलं की बीपी पडणाऱ्या आमच्यासारख्यांना पहाटेचं झोपूनचं आणि लगेच उभं राहूनचं, अशी जोडी लागते. एक गेलं की दुसऱ्याला अर्थ नाही.

दंडाला बांधायचं साधं ऑटोमॅटिक मशीन, दोन माणसांची मेमरी, अडीच हजारांच्या आतलं. असं मशीन आता घरोघरी असतं, म्हणून बाकीची माहिती देत नाही. मला लिहायचंय ते वेगळं आहे: ज्याचं बीपी दिवसभर वरखाली होतं, त्याच्या घरात हे मशीन कसं वागतं.

गेल्या जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या दर्शनाच्या रांगेत मी उभ्या उभ्या कोसळले. जवळच्या दवाखान्यात बाकावर बसवून बीपी घेतलं, १२८/८०. "छान आहे की, उन्हाने झालं असेल," म्हणाले. त्याआधी वर्गात फळ्यावर लिहिताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती, तेव्हाही बसवूनच बघितलं होतं आणि तेव्हाही छानच होतं. पुढे ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी दहा मिनिटं झोपवलं, बीपी घेतलं, उभं केलं, एका मिनिटाने घेतलं, तिसऱ्या मिनिटाला घेतलं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने पडलं तर ते नॉर्मल नाही. माझं वरचंच चाळीसच्या पुढे पडलं. खोल श्वास घ्यायला लावून नाडी किती हलते तेही पाहिलं. निदान झालं डिसऑटोनोमियाचं. एकोणीस वर्षांच्या मधुमेहाने स्वायत्त मज्जासंस्थेच्या, म्हणजे बीपी-नाडी आपोआप सांभाळणाऱ्या, नसा दुखावल्यात. आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मान आणि छातीतल्या धमन्यांना ते लगेच कळतं, नसा रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी सावरतं. माझ्याकडे हा निरोप नीट पोचत नाही. आडवी झाले की मात्र उलट, बीपी चढतं. मशीन त्याच आठवड्यात घेतलं.

आता माझी मुख्य तक्रार. या मशीनमध्ये दहा मिनिटांतल्या शेवटच्या तीन रीडिंगची सरासरी आपोआप काढायची सोय आहे. खोक्यावर तिचीच जाहिरात. मी आठवीला गणित शिकवते, सांख्यिकीत मुलांकडून मध्य काढून घेते. मध्य काढण्याआधी सगळे आकडे एकाच जातीचे आहेत का ते बघायचं, हे मुलांनाही कळतं. या मशीनला कळत नाही. जुलैमधली एक सकाळ वहीत आहे: झोपून १५८, उभी राहून पहिल्या मिनिटाला ९६, तिसऱ्याला ११२. सरासरी १२२, शेजारी हिरवा दिवा. ९६ ला मी मोरीच्या चौकटीला धरून उभी होते, कानात शीळ वाजत होती. हिरवा दिवा बघून हे म्हणाले, "अगं, आज तर बरं आहे की." त्यांचा काय दोष? मशीनच तसं सांगत होतं. झोपून, बसून, उभं असं निवडायचं एक बटण द्यायला कितीसा खर्च येतो? मधुमेही माणसांच्या या देशात किती जणांचं उभं राहूनचं बीपी कुणी कधी मोजतच नसेल, आणि मशीनही त्यांना बसूनचाच आकडा कौतुकाने दाखवत असेल. हे मला फार लागतं.

पहिले दोन महिने माझं मत होतं की मशीन उभ्याचं रीडिंग नीट देत नाही. दवाखान्यापेक्षा माझे घरचे उभ्याचे आकडे नेहमी थोडे जास्त यायचे. मशीनला नावं ठेवली. मग गौरी-गणपतीच्या सुमारास लक्षात आलं की उभी राहिले की मी हात खाली लोंबकळत सोडते. कफ हृदयाच्या पातळीच्या खाली गेला की आकडा फुगतो, १० सेंटिमीटरला साधारण ७-८. आमचा फ्रिज सिंगल डोअरचा, जुना, बरोबर माझ्या छातीइतका उंच. त्यावरचं क्रोशाचं कव्हर आणि साखरेचा डबा बाजूला केला आणि कोपर तिथे टेकवलं. त्याच दिवशी, पाचच मिनिटांच्या अंतराने हात खाली सोडून १०४ आणि फ्रिजवर टेकवून ९७. सात पॉइंटचा फरक. जिथे २० ची रेषा आहे तिथे सात काही थोडे नाहीत. त्या दोन महिन्यांची वही मी डॉक्टरांना दाखवली होती, म्हणून पुढच्या खेपेला हे आधी सांगितलं. तेव्हापासून साखरेचा डबा ओट्यावर आणि मशीन फ्रिजवर.

दुसरी मर्यादा खरीच आहे. एका रीडिंगला चाळीसेक सेकंद लागतात. हे मशीन ठोके ऐकत नाही, कफमधल्या हवेची थरथर मोजतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा काढतं. तोल जाऊन हात हलला की एरर. म्हणजे बीपी सगळ्यात खाली असतं नेमकं तेव्हाच ते चुकायची शक्यता जास्त. अशा वेळी मी दुसऱ्यांदा बटण दाबत नाही, सरळ खाली बसते. आकड्यापेक्षा डोकं फुटणं वाईट. एवढं तरी बसता येणार नसेल तर पायांची कात्री करून मांड्या आवळून धरते, तेवढ्याने दोन-चार मिनिटं मिळतात.

आणि एका गोष्टीचं मनापासून कौतुक. खालचा नाडीचा छोटा आकडा मी कित्येक महिने वहीत लिहीतच नव्हते. डॉक्टरांनी विचारल्यावर लिहायला लागले. बीपी ४६ ने पडतं तेव्हा माझी नाडी ७४ वरून जेमतेम ७९ होते. निरोगी माणसाचं हृदय अशा वेळी धावायला लागतं. नाडी हलत नाही म्हणजे पाणी कमी पडलंय एवढंच नाही, दोष नसांचा आहे, हे त्या आकड्यावरून कळतं. ज्यांना उभं राहिल्यावर बीपी न पडता नाडीच १० मिनिटांत ३० किंवा जास्त वाढते, त्यांचा आजार निराळा, त्याला पॉट्स म्हणतात. तिथे तर हाच आकडा मुख्य.

सरासरीच्या त्रासावर उपाय दिवाळीनंतर सापडला. मशीनवर दोन माणसांसाठी यूजर १ आणि यूजर २ असं बटण आहे. दोन नंबरवर यांचं बीपी साठवत होतो. एका रात्री डोक्यात आलं, मीच दोन माणसं आहे की! आडवी मी वेगळी, उभी मी वेगळी. तेव्हापासून १ म्हणजे झोपून, २ म्हणजे उभी. सरासरी एकाएकी कामाची झाली. यांचे आकडे आता कॅलेंडरच्या मागच्या पानावर असतात, त्यांची ना नव्हती. त्यांना हाय बीपी, मीठ कमी. मला डॉक्टरांनी मीठ वाढवून दिलेलं. एकाच आमटीचे दोन भाग करून माझ्या वाटीत वरून मीठ घालतो. (मिठाचं हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंड, हृदय बघितल्याशिवाय नाही.)

मशीनमुळे दिवस कसा बदलला ते थोडक्यात. अंथरुणातून उतरण्याआधी दोन मोठे पेले पाणी, म्हणजे अर्धा लिटर, एका दमात. उशाकडच्या खुरांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे, रात्री आडवं झाल्यावर चढणारं बीपी आवरायला. बीपी वाढवणाऱ्या मिडोड्रीनची शेवटची गोळी झोपायच्या निदान ४ तास आधी. साडीखाली पोटाचा पट्टा. कमरेपर्यंतचे स्टॉकिंग्ज हिवाळ्यात घालते, एप्रिल-मेच्या पुण्यात ते सहन होत नाहीत. पोटभर भात खाऊन तासाभराने बीपी ८४ झालेलं दोनदा पकडलं, म्हणून आता थोडं थोडं, चार वेळा. कपडे वाळत घालायचं काम हात वर करून असतं, ते यांनी घेतलंय.

आता तो वाद. कफ गळतोय हे मीच शोधलं. साबणाचा फेस करून नळी आणि कफच्या सांध्यावर लावला, यांना पंप चालू करायला सांगितलं. सायकलच्या पंक्चरसारखे बारीक बुडबुडे एकामागून एक. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मध्यावर पायरीवर बसून घेतलं. तिथल्या मुलाने मेमरी उघडली आणि म्हणाला, "मॅडम, मशीनच गेलंय. १५६ आणि पाच मिनिटांत ९४? असं होतच नाही." मी म्हटलं, "बाळा, मशीन अगदी बरोबर आहे. तसं मला होतं. फक्त कफ बदलून दे." त्याला पटेना. नवीन मशीन घ्या, जुन्यावर सूट देतो, म्हणाला. वरिष्ठांना बोलावलं तर ते म्हणाले, कफ झिजणारी वस्तू, आणि तुम्ही दिवसाला आठ-आठ रीडिंग घेता, हा घरगुती वापर नाही. मशीनला पाच वर्षांची वॉरंटी, कफला एक, आणि वर्ष व्हायला दोन महिने बाकी. आजारी माणसाने मशीन वापरलं म्हणून वॉरंटी नाकारायची? पाऊण तास बोलले. तेही खुर्चीवर बसून, कारण उभं राहून भांडणं माझ्या हातात उरलेलं नाही. नाहीच दिला.

शेवटी सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून त्याच कंपनीचा कफ घेतला, साडेसातशेला. दुकानदाराने आधी टेप काढून दंड मोजला: ३३ सेंटिमीटर. माझा जुना कफ २२ ते ३२ चा. अकरा महिने कुणी मोजलाच नव्हता, मीही नाही. छोट्या कफवर बीपी जास्त दिसतं. मोठ्या कफवर झोपूनचे आकडे पहिल्याच आठवड्यात सात-आठने उतरले. डॉक्टर रात्रीच्या बीपीसाठी आणखी एक गोळी द्यायचा विचार करत होते, ती सध्या थांबवली आहे.

तेव्हा घेणार असाल तर आधी दंड मोजा. दोन यूजरचंच घ्या, घरात एकटे असलात तरी. सर्व्हिसला मी पाचापैकी शून्य देईन, मशीनला चार. पाचवा त्या बटणासाठी राखून ठेवलाय.

आज सकाळचं: झोपून १४४, फ्रिजवर हात टेकवून उभी पहिल्या मिनिटाला १००, तिसऱ्याला ११४. नाडी ७२, ७६, ७७. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते, फळ्याजवळ ठेवायला उंच स्टूल मागितलंय.