खाद्यमहोत्सवात मित्रांसोबत: एक प्लेट चौघांत, टीटीएमएम, की सरळ रेस्टॉरंट?

शहरात खाद्यमहोत्सव लागला की मित्रांच्या ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, सगळं वाटून खाऊ, जास्त पदार्थ होतील. कुणाला टीटीएमएम बरं वाटतं, म्हणजे ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. आणि एखादा हमखास विचारतो की एवढ्या गर्दीत जायचंच कशाला, एखादं चांगलं रेस्टॉरंट गाठून निवांत बसू. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र आपण तिथे कशासाठी जातोय हे आधी ठरवायला हवं.

मी महोत्सवाला जाते ती तिथे स्टॉल लावणाऱ्या रेस्टॉरंटांपैकी पुढे कुठे जायचं ते हेरायला. त्यामुळे माझा कौल वाटून खाण्याला. एकच पदार्थ खात राहिलं की घासागणिक त्याची गोडी उतरते, पण न चाखलेल्या पदार्थाची ओढ कायम राहते. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगांतून दाखवून दिलं. चौघांत एक प्लेट घेतली तर वाट्याला दोन-तीन घास येतात आणि जीभ कंटाळायच्या आत पुढचा स्टॉल येतो. याचा तोटाही त्यातच आहे: चवी बदलत राहिल्या की माणूस भुकेपेक्षा जास्त खातो, आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला थोडा वेळ लागतो. म्हणून तीन-चार पदार्थांनंतर एकदा तरी बसावं, पाणी प्यावं, गप्पा माराव्यात. वाटून खाणाऱ्यांनी हा विसावा अजिबात टाळू नये.

टीटीएमएमचीही एक खरी ताकद आहे आणि वाटून खाण्याचा आग्रह धरणारे ती विसरतात. पहिल्या घासाला गोड, तेलकट आणि झणझणीत पदार्थ नेहमीच बाजी मारतात. सौम्य, नीट जमून आलेला पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या घासापर्यंत कळतच नाही. अख्खी प्लेट एकट्याने खाल्ली की कुठला पदार्थ शेवटपर्यंत टिकतो आणि कुठला मध्येच नकोसा होतो ते उमगतं. शिवाय कुणाला एखाद्या घटकाची ॲलर्जी असेल, काही वर्ज्य असेल किंवा सर्दी-खोकला असेल, तर त्याची प्लेट आणि चमचा वेगळाच हवा. तिथे भिडस्तपणा नको.

पदार्थ कुठला आहे, यावरही बरंच ठरतं. कोरडा, तुकडे होणारा पदार्थ वाटायला सोपा. सूप, वितळणारं काही, किंवा एकाच घासात सगळे थर एकत्र यावेत असा रचलेला पदार्थ चौघांत फाडला की त्याची मजाच जाते. असे पदार्थ ज्याचे त्याने घ्यावेत. कुरकुरीत पदार्थ तर स्टॉलसमोर उभ्या उभ्याच संपवावा. डबा बंद केला की आतली वाफ पाणी होऊन त्यावरच बसते, आणि उरलेले दोघं रांगेतून येईपर्यंत तो मऊ पडलेला असतो.

क्रमाबद्दल मी हट्टी आहे: सौम्य आधी, तिखट नंतर, गोड शेवटी. तिखटातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला जळजळ करणारा घटक, पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून पाण्याने जळजळ शमत नाही. दूध किंवा दही घेतलं तर लवकर आराम पडतो. पण एकदा तोंड पोळलं की पुढच्या दोन स्टॉलांना न्याय मिळत नाही, हे नक्की.

पैशांचं थोडक्यात. वाटून खाणार असाल तर आधीच वर्गणी काढून एकाकडे द्यावी आणि दर पदार्थाला पैसे मोजावेत किंवा कूपनं घ्यावीत. उरलेली कूपनं परत घेतात का, हे आधी विचारा. माणशी पास बहुधा भरपूर खाणाऱ्यालाच परवडतो. त्यात प्लेट चवीपुरती मिळते की पूर्ण, हेही पाहा.

वेळ शक्यतो सुरुवातीची गाठा. रांगा लहान असतात, स्वयंपाकी दोन शब्द बोलतात आणि गाजलेला पदार्थ संपलेला नसतो. संध्याकाळी माहोल रंगतो खरा, पण गोंगाटात गोड आणि खारट चव फिकी लागते, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. नुसती मैफल जमवायची असेल तर संध्याकाळच चांगली.

आता तिसरा पर्याय, सरळ रेस्टॉरंट गाठण्याचा. स्टॉलमागे रेस्टॉरंटचं पूर्ण स्वयंपाकघर नसतं. बरीच तयारी आधी करून आणतात आणि तिथे शेवटचा हात फिरवतात. सावकाश शिजवलेला रस्सा किंवा आधी मुरवून ठेवून जागेवर भाजलेला पदार्थ यात चांगला तरतो. तळणीचे हाल होतात, कारण गर्दीत कढईत एकदम जास्त घाणा सोडला की तेल थंडावतं आणि पदार्थ तेल पितो. म्हणून मऊ पडलेल्या तळणीवरून एखाद्या रेस्टॉरंटवर काट मारू नये. रश्श्याने मन जिंकलं असेल तर मात्र खुशाल तिथे जावं, कारण त्या चवीतली बरीच मेहनत मूळ स्वयंपाकघरातच झालेली असते. एकाच रेस्टॉरंटची पारख करायची असेल, सोबत कुणी वयस्कर असेल किंवा निवांत बोलायचं असेल, तर महोत्सव सोडून टेबल राखून ठेवलेलं बरं.

स्टॉल कुठलाही असो, गरम पदार्थातून वाफ निघतेय का हे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायला हवं, आणि शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. कोमट ट्रेमधला पदार्थ कितीही देखणा असला तरी मी पुढे जाते.

आणि सहापेक्षा जास्त जण असाल तर सरळ दोन टोळ्या करा. वेगवेगळ्या टोकांनी सुरुवात करून मध्ये भेटा आणि कुणाला काय आवडलं ते एकमेकांना सांगा. उरलेली कूपनं त्यातल्या सगळ्यात आवडलेल्या दोन-तीन स्टॉलांवर खर्च करायची.