नऊ महिने 'इन्व्हिन्सिबल शील्ड': कलमांची बाग, पत्र्याची शेड आणि ज्यूडास प्रीस्ट

8 मार्च 2024 ला ज्यूडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा हा अल्बम आला तेव्हा देवगडात आंब्याची गडबड नुकती सुरू होत होती. पहिले दोन महिने तो ऐकला शेडमध्ये, पेंढ्यावर अढी लावता लावता. बाबा पहिल्याच दिवशी डोकावले, "जनरेटर कित्याक चालू केलंस रे? लाईट आसा मा!"

त्यांची चूक नव्हती. 'पॅनिक अटॅक' या पहिल्याच गाण्याची सुरुवात त्यांच्याच 1986 च्या 'टर्बो' अल्बमची आठवण करून देणाऱ्या सिंथ-गिटारने, म्हणजे सिंथेसायझरसारख्या वाजणाऱ्या गिटारने होते, आणि माझा ब्लूटूथ स्पीकर हातभर लांबीचाही नाही. त्यावर बेस गायब, स्कॉट ट्रॅव्हिसचा ड्रम म्हणजे पत्र्यावर नारळ पडताहेत. महिनाभर माझं मत होतं की म्हातारे उगाच ओरडताहेत. मे अखेरीस खाऱ्या हवेने चार्जिंगची पिन गंजली, स्पीकर मेला, आणि मी कपाटातला जुना वायरवाला हेडफोन काढला. अल्बम खरा तिथून कळला.

1969 पासूनचा बँड, हा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम. 2018 चा आधीचा अल्बम 'फायरपॉवर' मला आवडतो, पण चौदा गाण्यांत तो पसरट होतो. इथे अकराच आहेत आणि वजन जास्त आहे. वजन म्हणजे नुसता आवाज नव्हे. 'एस्केप फ्रॉम रिॲलिटी' घ्या, संथ गाणं, पण रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, चिऱ्यावर चिरा ठेवावा तशी बसत जाते. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना माझ्या बाकीच्या प्लेलिस्टचा चिखल झाला होता, ही रिफ मात्र स्पष्ट ऐकू यायची.

दोन गिटारींची जुगलबंदी आमच्याकडच्या माणसाला समजवायची तर भजनाची डबलबारी म्हणा. एका बुवाने टाकलं की दुसऱ्याने त्याच्यावर चढवायचं. फरक इतकाच की इथे एका बुवाला पार्किन्सन्स आहे. ग्लेन टिप्टनचा आजार 2018 मध्येच जाहीर झाला, तरी गाणी रचण्यात तो आहे. दुसरा रिची फॉकनर. सप्टेंबर 2021 मध्ये केंटकीत 'पेनकिलर' वाजवताना स्टेजवरच त्याची महाधमनी फाटली, गाणं पुरं करूनच तो उतरला आणि थेट ऑपरेशन टेबलावर गेला. 'द सर्पंट अँड द किंग'मधली त्याची बोटं ऐकताना हे आठवतंच. गायक रॉब हॅलफर्ड अल्बम आला तेव्हा 72 वर्षांचा. वरची पट्टी लागते अजून, मात्र मला तो 'क्राउन ऑफ हॉर्न्स'मध्ये जास्त भिडतो, तिथे तो किंचाळत नाही, गातो.

तक्रार आहेच. अँडी स्नीपचं प्रॉडक्शन इतकं घासूनपुसून लख्ख केलंय की सलग ऐकल्यावर आठव्या गाण्यापर्यंत कान थकतात. ड्रमचा प्रत्येक ठोका एकाच मापाचा वाटतो, पखवाजावरची थाप जशी हात बदलली की बदलते तसं काही नाही. 'सन्स ऑफ थंडर' मी आता सरळ पुढे ढकलतो. आणि ज्याला 'हेवी' म्हणजे आजच्या पोरांसारखं गुरगुरणं हवंय त्याने इकडे फिरकू नये.

बागेची राखण करणारा नेपाळी पोरगा मात्र पहिल्या दिवसापासून पक्का. मी अजून ठरवत होतो तेव्हा त्याला 'ट्रायल बाय फायर'चं कोरस पाठ होतं, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन म्हणायचा. चतुर्थीला घरी भजन होतं म्हणून पाच दिवस बंद ठेवलं, तर सहाव्या दिवशी त्यानेच विचारलं.

डिसेंबरात आता मोहोर बघायला पहाटे बागेत जातो तेव्हा एकच गाणं लावतो, 'जायंट्स इन द स्काय'. डिओ आणि लेमी या गेलेल्या गायक दोस्तांसाठी आहे. मध्येच सगळं थांबून अकूस्टिक गिटारचा तुकडा येतो, तेवढ्यात खालच्या खाडीतल्या होडीचं इंजिन ऐकू येतं, आणि पुन्हा दणका. डीलक्स आवृत्तीतली जादा तीन गाणी घेतलीत तर 'द लॉजर' हेडफोनवरच ऐका. शेडमध्ये वाया गेलं होतं.