मासळीच्या पिकअपला भंगारातली डिझेल टाकी: ८ महिन्यांनंतर

जुलैत टाकी बदलली तेव्हाच दोघातिघांनी विचारलेलं, टिकेल काय रे? तेव्हा काय सांगणार कप्पाळ. आता ८ महिने झाले, साधारण २२ हजार किलोमीटर झाले, आता लिहायला हरकत नाही.

गाडी २०१३ची डिझेल पिकअप. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण दोष गाडीचा नाहीच, दोष धंद्याचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरायची, आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं, आठवड्याला ३ फेऱ्या. क्रेटमधला बर्फ रात्रभर वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या भोकातून खाली, आणि भोक कुठे तर बरोब्बर टाकीच्या डोक्यावर. दहा वर्षं हा अभिषेक चालू होता आणि मी आपला दर दिवाळीला गाडी धुवून हार घालत होतो, खाली वाकून कधी बघितलं नाही.

आधी डिझेलचा वास यायला लागला, मग पार्किंगमध्ये डाग. पहिल्यांदा साबणाची वडी चोळली (हसू नका, आठवडाभर चालली), मग पुट्टी भरली. शेवटी मेस्त्रींनी टाकी धरून ठेवणारा पट्टा ढिला केला आणि पट्ट्याखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर तो आतच गेला. पापड झालेला नुसता.

नवीन टाकीचा भाव ११ हजार सांगितला, वर ऑर्डर देऊन थांबायचं. एकाने गॅस वेल्डिंग करून देतो म्हटलं, त्याला लांबूनच नमस्कार. टाकी रिकामी केली म्हणजे धोका संपला असं लोकांना वाटतं, उलट रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते, भडका तिचाच होतो. दुसरा म्हणाला जीआय पत्र्याची नवीन बनवून घे, गंजणारच नाही. पण जीआय म्हणजे वरून जस्ताचा थर, आणि जस्त डिझेलमध्ये उतरतं, त्याचा गाळ फिल्टर आणि इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारतो तो) जातो. एक इंजेक्टर गेला की टाकीत वाचवलेले पैसे व्याजासकट परत.

मग राहिलं भंगार. इथे एकच गोष्ट मी शहाणपणाची केली, टाकी रत्नागिरीत घेतलीच नाही. इकडची प्रत्येक गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी असते, आपल्याच आजाराचा दुसरा पेशंट कशाला आणा. कोल्हापूरला मासळी उतरवून परत येताना दोन-तीन भंगारवाले फिरलो. एकाकडे त्याच मॉडेलची मिळाली, गाडी मागून ठोकलेली, टाकी शाबूत. "घ्या की पावनं, अजून धा वर्सं बघायला नगं," असं म्हणत त्याने ती आपटून दाखवली. आवाजावर जाऊ नका. मी मोबाईलची बॅटरी आत मारली आणि दोरीला लोहचुंबक बांधून तळाशी फिरवला. चुंबकाला बारीक लाल भुकटी आली पण पापुद्रे आले नाहीत. पापुद्रे आले असते तर फुकटसुद्धा घेतली नसती. २२०० ला ठरवली, हाताने लिहिलेली का होईना पण पावती मागून घेतली, चोरीचा माल निघाला तर दाखवायला काहीतरी हवं.

खरा खर्च इथून पुढे सुरू होतो आणि हे कोणी सांगत नाही. टाकी आतून साफ करून घेतली ९००. आत मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून अर्धा तास हलवली, मग केमिकल, मग पाणी, मग उन्हात, मग २ लिटर डिझेलने खंगाळून ते फेकलं. जुलैत ऊन कुठलं म्हणा, गॅरेजमध्ये ब्लोअर लावून सुकवली. नवीन पाईप, क्लिपा, पॅकिंग मिळून ६५०. पट्टे जुनेच पण घासून रंगवले. मजुरी १२००. म्हणजे २२०० ची टाकी ४९५० ला पडली. तरी निम्म्यात.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली, ऑगस्टची पहिली फेरी, हौदा भरलेला. हातखंबा, पाली, नाणीज काही नाही, साखरपा सोडलं, घाट चढायला लागलो आणि गाडी दम तोडायला लागली. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी रांगतेय, मग झटके, मग बंद. रात्रीचा १ वाजलेला, पाऊस, मागे एक टन मासळी आणि वितळणारा बर्फ. फिल्टर चोक झाला असं धरून मी डिझेल पुढे ओढायचा हँड पंप मारत बसलो. १० मिनिटांनी स्टार्ट झाली, २ किलोमीटर गेली, परत तेच. तिसऱ्यांदा काय सुचलं देव जाणे, डिझेल किती आहे बघायला झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. टाकीत व्हॅक्यूम! डिझेल निघून जातं त्याच्या जागी हवा यायला हवी ना, ती येतच नव्हती. झाकण अर्धवट लावून वर फडकं बांधलं आणि तशीच कोल्हापूरपर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी ब्रीदरचा, म्हणजे टाकीत हवा घेणारा पाईप काढला तर त्याच्या नळीत कुंभारमाशीचं घर. भंगारात पडून असताना बाईसाहेबांनी मातीने बूच मारून ठेवलेलं, टाकी धुतली तेव्हाही ते तसंच राहिलं कारण ती बारीक नळी कोणी बघितलीच नाही. वर माझं झाकण बाजारातलं कुलूपवालं, त्याला हवेचं भोक नाही. सायकलच्या स्पोकने माती टोकरून काढली, खर्च शून्य. भंगारातली टाकी घेणार असाल तर एवढंच करा, प्रत्येक नळीला तोंड लावून फुंका. मेस्त्री मागून म्हणतात, "मी सांगणारच होतो." बरं.

फिल्टर पहिला ५०० किलोमीटरलाच बदलला, आतला कागद विटकरी झालेला. दुसरा २ हजारला, थोडा बरा. तिसऱ्यापासून नेहमीचा काळपट रंग, म्हणजे टाकीतला गंज निघून गेला असं समजायला हरकत नाही. फिल्टरच्या खालचा पाण्याचा स्क्रू मात्र मी दर रविवारी ढिला करतो, काचेच्या बाटलीत थोडं धरतो. पाणी असेल तर ते खाली बसतं, वर डिझेल, लगेच कळतं. पावसाळ्यात चमचाभर निघायचं, आता थेंबभर. फेरी झाल्यावर टाकी अर्धी रिकामी ठेवून उभी करायची माझी सवयही मोडली, रिकाम्या जागेतल्या हवेला रात्री घाम फुटतो आणि ते पाणी तळाला जाऊन बसतं. आता आल्या आल्या भरून टाकतो.

डोकेदुखी राहिली ती डिझेलच्या काट्याची. भंगारातल्या टाकीचा फ्लोट (डिझेलवर तरंगून काटा हलवतो तो) वेगळ्या साली निघालेला असावा, टाकी फुल केली तरी काटा पाऊण दाखवतो आणि १५ लिटर शिल्लक असताना झोपतो. माझा जुना फ्लोट गंजून तुटलेला, नाहीतर तोच घातला असता. नवीन घ्यायचा कंटाळा केला, टाकी रिकामी करून ५-५ लिटरच्या कॅनने भरत गेलो आणि मीटरच्या काचेवर व्हाइटनरने ठिपके दिले. बायको म्हणते गाडीला देवी आल्यासारखी दिसते. चालतंय. फक्त भाड्याने दुसरा ड्रायव्हर घेतला की त्याला ठिपक्यांचं शास्त्र समजावत बसावं लागतं.

आणि ते हौद्याचं भोक, सगळ्याचं मूळ. त्याला खालून एक नळी जोडून पाणी मागच्या बाजूला नेलं, १२० रुपये. हे दहा वर्षांपूर्वी केलं असतं तर हा लेखच झाला नसता.

सध्या टाकीला गळती नाही, फक्त ड्रेनच्या, म्हणजे टाकी खालून रिकामी करायच्या नटाला बोट लावलं तर किंचित ओलं लागतं, थेंब पडत नाही. १ जूनला बंदी लागली की टाकी एकदा खाली उतरवून पट्ट्याखाली बघणार आहे, तिथे रबराच्या पट्टीत खारं पाणी धरून बसतं, आणि नटाचा वॉशरही तेव्हाच बदलेन.