अमोनियम क्लोराइड की फ्युरोसेमाइड-फ्लुड्रोकॉर्टिसोन?
दूरस्थ आरटीएचा (मूत्रपिंडाच्या नलिकांच्या शेवटच्या भागाला लघवीत पुरेसं आम्ल टाकता न येण्याचा आजार) संशय आहे, पण रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा घटक) ठीक आहे, अशा वेळीच यातली कोणती चाचणी करायची हा प्रश्न येतो. ते आधीच घसरलं असेल तर आम्ल पाजण्यात अर्थ नाही. तेव्हाचा लघवीचा पीएचच पुरेसं सांगतो.

अमोनियम क्लोराइड: किलोमागे ०.१ ग्रॅम तोंडाने, मग ६ ते ८ तास दर तासाला लघवीचा पीएच. तो ५.३ खाली उतरायला हवा. निकाल भरवशाचा, पण मळमळ जबर. उलटी झाली की चाचणी वाया. यकृताच्या आजारात टाळावीच.

फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १ मिलिग्रॅम: सोसायला सोपी, म्हणून सुरुवात हिच्यापासून. पीएच ५.३ खाली उतरला तर दूरस्थ आरटीए नाही, प्रश्न मिटला. नाही उतरला तर अमोनियम क्लोराइडने खात्री करावी. पोटॅशियम मात्र आधी भरून काढा.

पीएच मोजायला रंग बदलणारी पट्टी नको, पीएच मीटर वापरा. उघड्या नमुन्यातून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच खोटा चढतो.